कंची लाईन?

मागच्या मे महिन्यात डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर कामाला गेलो होतो. ज्याच्याकडे गेलो तो घरी नव्हता. ओसरीवर त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. "बाबू कुठं गेला?" म्हणून विचारलं तर सुपातून मान वर न करता म्हणाली, "लाईनीला गेलाय." मी अंदाज बांधत बसलो. बाबू पूर्वी रेल्वेच्या ठेकेदाराकडे खडी ओढायला जायचा, म्हणजे आटगाव-खर्डीकडे रुळांवर असेल. मधे काही महिने त्याने जीप चालवली होती, म्हणजे शहापूरच्या फेरीवर असेल. वीज सकाळपासून गेलेली होती, म्हणजे वायरमनला शिडी धरायलाही गेला असेल. तेवढ्यात शेजारीण आली. तिनेही बाबूची चौकशी केली, तिलाही तेच उत्तर मिळालं. पण ती माझ्यासारखी तर्क लढवत बसली नाही. तिने सरळ विचारलं, "कंची लाईन?"

"पान्याची."

टँकर यायचा होता म्हणून बाबू विहिरीवर हंडे मांडायला गेला होता.

तेव्हापासून हा शब्द कानाला चिकटला. शहापूर आणि मुरबाड, ठाणे जिल्ह्याचे हे दोन डोंगराकडचे तालुके. इथे सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत 'लाईन' किती ठिकाणी येते ते मी टिपून ठेवायला लागलो. पंधरवड्यात वहीची चार पानं भरली. इंग्रजी कोशकारांत 'सेट' आणि 'रन' या दोन क्रियापदांचा मोठा दरारा आहे. एकेका शब्दाचे अर्थ लावता लावता संपादकांचे महिनेच्या महिने गेले. 'लाईन' त्या मानाने गरीब. पण शहापूरच्या बाजारात 'सेट' म्हणजे टीव्हीचा नाहीतर दागिन्यांचा, आणि 'रन' म्हणजे क्रिकेटचा. संपलं. 'लाईन' मात्र इथे येऊन इंग्लंडात नसेल एवढी पसरली आहे.

शब्दाचं मूळ गमतीचं आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या देठापासून काढलेल्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याच धाग्याची दोरी ती 'लिनिआ', पुढे 'लाईन'. म्हणजे लाईन मुळात दोराच. आमचा गवंडी पायाच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून मधे दोर ताणतो आणि त्याला 'लाईनदोरी' म्हणतो, तेव्हा तो नकळत 'दोरीदोरी' म्हणत असतो. पण हसायचं कारण नाही. दोऱ्यावरून सरळपणाकडे जायची ही वाट मराठीनेही स्वतंत्रपणे धरली होती. सुतार आणि गवंडी 'सुतात' बघतात. वात्रट पोराला बाप 'सुतासारखा सरळ' करतो. आता तो त्याला 'लाईनीवर आणतो', एवढाच फरक. जवसाचा दोरा येऊन कापसाच्या सुताला भेटला, असं म्हणायला हरकत नाही.

मराठीला या शब्दाची गरज होती का? मुळीच नव्हती. अक्षरांची ओळ, माणसांची रांग, पाटीवरची रेघ, भूमितीतली रेषा, जेवणाऱ्यांची पंगत, झाडांची हार, उडत्या बगळ्यांची माळ. दर कामाला आपल्याकडे निराळा शब्द, आणि त्यांची अदलाबदल खपत नाही. बगळ्यांची पंगत म्हटलं तर लोक मासळीचं ताट शोधतील. शाळेच्या वहीनेही आपले शब्द बरीच वर्षं जपले: एकरेघी, दुरेघी, चाररेघी. आता दुकानदार पोराला विचारतो, "टू लाईन की फोर लाईन?" आणि पोरगं बरोबर वही घेऊन जातं.

तेव्हा हा शब्द मराठीतली उणीव भरायला आला नाही. तो वस्तूंवर बसून आला. लोखंडाचे रूळ आले, त्यांच्याबरोबर आला. तांब्याची तार आली, पाण्याचा नळ आला, टेलिफोन आला, दर वेळी नव्याने उतरला. आणि उतरताच मराठी व्याकरणाने त्याला बाईमाणूस करून टाकलं. ओळ, रांग, रेघ, रेषा, हार, माळ, दोरी, तार, वाट या सगळ्या 'ती'. मग लाईन 'तो' कशी होईल? लाईन, लाईनी, लाईनीला, लाईनीवरून. जुनी माणसं तर 'लैन' म्हणतात.

आणि एकदा मराठीत बसल्यावर अर्थ सांगायचं काम शब्दाने विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययांवर सोडून दिलं. ही दोन वाक्यं बघा. 'आमच्या गावावरून लाईन जाते.' 'आमच्या गावाची लाईन जाते.' पहिल्यात उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून मुंबईकडे चालल्या आहेत. दुसऱ्यात घरात अंधार आहे. क्रियापद तेच, शब्द तोच. पुष्कळ गावांत एकाच रात्री ही दोन्ही वाक्यं खरी असतात. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की या दोन तालुक्यांतल्या लाईनीचा सगळा इतिहास त्या 'वरून'मध्ये आणि 'ची'मध्ये मावतो.

सुरुवात रेल्वेने करायला हवी, कारण पहिली लाईन तीच. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. 1855 साली रूळ वाशिंदपर्यंत आले, 1861 साली कसाऱ्याला पोचले आणि 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला गेले. म्हणजे शहापूर तालुक्यात लाईन येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. पण खुद्द शहापूरला स्टेशन नाही. आसनगावला उतरायचं आणि रिक्षाने गावात यायचं. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं, आणि मधे तानशेत आणि उंबरमाळी हे थांबे. या पट्ट्यात घराचा पत्ताच लाईनीवरून सांगतात: लाईनीच्या अल्याड, लाईनीच्या पल्याड. सोयरीक जुळवतानाही, "पोरगी लाईनीपल्याडची हाये," एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला तिची वाट, बाजार आणि शाळा कळते.

मुंबईकराची लाईन वेगळी. त्याची 'सेंट्रल लाईन' ही राहणीची एक जात आहे, वेस्टर्नवाल्यांनी नाक मुरडायची. तिच्यात कल्याणपुढचं आमच्या बाजूचं सगळं एकाच शब्दात गुंडाळलं जातं: कसारा लाईन. टिटवाळ्याचा नोकरदार, खडवलीचा विद्यार्थी आणि खर्डीहून पहाटे करवंदांच्या पाट्या घेऊन निघालेली ठाकर बाई, तिघंही कसारा लाईनचे. मोगरा, जांभळं, रानभाज्या, दुधाचे कॅन, जे ते आपापल्या मोसमात याच लाईनीने मुंबईला उतरतं.

उतरतं म्हटलं खरं, पण रेल्वेच्या भाषेत ते चढतं. मुंबईकडे जाणारी ती अप लाईन, मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. आता कसाऱ्याहून इगतपुरीकडे निघालेली गाडी बघा. घाट इतका उभा की 37 फुटांमागे 1 फूट चढ. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. पूर्वी कसाऱ्याला ती जोडेपर्यंत लोक वडे खाऊन घ्यायचे. धापा टाकत, बोगदे ओलांडत गाडी सह्याद्रीच्या माथ्यावर चढते, आणि कागदोपत्री ती 'डाऊन' असते. परतीला ब्रेक करकचून धरत घरंगळणारी गाडी ती 'अप'. वर कुठे आणि खाली कुठे हे डोंगराने ठरवलं नाही. बोरीबंदरने ठरवलं. घाटात अप, डाऊन आणि मिडल अशा तीन लाईनी आहेत. मधल्या लाईनीने दोन्हीकडच्या गाड्या सोडतात, म्हणजे निदान ती एक तरी कोणाचीच बाजू घेत नाही.

रेल्वेनेच 'लाईन क्लिअर' दिलं. पुढचा मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा, असा एका स्टेशनमास्तरने दुसऱ्याला दिलेला हा परवाना. तो केव्हाच रुळांवरून उतरून संसारात शिरला. "पोरीच्या मामाकडून लाईन क्लिअर हाये," म्हणजे बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. पण विजेच्या कामातलं 'लाईन क्लिअर' याच्या नेमकं उलट. तिथे ते मिळालं की प्रवाह बंद केलेला असतो आणि माणसाने खांबावर चढायला हरकत नसते. एकीकडे वाहतूक सुरू करायला, दुसरीकडे वाहणारं थांबवायला तोच शब्द. हा फरक न कळल्याने काय होईल याचा विचार न केलेला बरा.

आता पाणी. लाईन या शब्दाचा सगळ्यात कडू अर्थ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मुंबई आणि उपनगरांना पाणी देणारे सात तलाव. त्यांतले विहार आणि तुळशी मुंबईच्या हद्दीत. बाकी पाण्याचा मोठा भार तानसा, वैतरणा आणि भातसा या नद्यांवर. तानसा धरण 1892 सालचं, शहापूर तालुक्यातलं. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते ते सुरू झालं. त्याच्या नळांना मुंबईच्या तोंडात 'तानसा पाईपलाईन' हे नाव इतकं बसलं आहे की तिथल्या वस्त्यांचे आणि रस्त्यांचे पत्तेही 'पाईपलाईन' असे आहेत. वैतरणेवरचं मोडकसागर 1957 सालचं, अभियंते ना. वि. मोडक यांच्या नावाचं. त्याच नदीवर पुढे वरच्या अंगाला अप्पर वैतरणा आणि नंतर मध्य वैतरणा झालं. आणि भातसा धरण, ज्याच्याकडून मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी मिळतं, तेही शहापूरचंच.

तानसाच्या पाईपलाईनजवळ उभं राहून बघावं. आत माणूस ताठ उभा राहील एवढे नळ, सिमेंटच्या बैठकांवरून ओळीने चाललेले. उन्हाळ्यात कान लावला तर घरघर ऐकू येते. सांध्यापाशी कुठे गळत असलं की खाली गवताचा एक हिरवा पट्टा असतो, तेवढाच भर एप्रिलमध्ये हिरवा. तिथे गाय येते, पोरं येतात, एखादी बाई कळशी लावून ठेवते. दोन थेंबांमध्ये किती वेळ जातो हे तिला पाठ असतं. "लाईन फुटली," ही बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रात लाखो लिटर पाणी वाया गेल्याची असते. लाईनीशेजारच्या पाड्यावर तीच बातमी, "चला, हंडे घ्या," अशी असते.

भातसाची तर निराळीच तऱ्हा. धरणातलं पाणी नदीच्या पात्रात सोडतात, ते वाहत भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्याशी जातं, तिथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे नळांनी नेतात. म्हणजे शहापूर तालुक्यात पाईपलाईन घालायची गरजच पडली नाही. नदीलाच लाईन केलं. आमच्याकडच्या एका शिक्षकाने वर्गात 'नदी म्हणजे काय?' विचारलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, "मुंबईची लाईन." त्याने तिला बसवलं नाही, हे त्याचं मोठेपण.

आणि याच तालुक्यात दरवर्षी उन्हाळ्यात टँकर लागतात. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारं पाणी कातळावरून निघून जातं, विहिरी फाल्गुनात तळ दाखवतात. टँकर दारोदार जात नाही, गावच्या विहिरीत पाणी ओतून निघून जातो. मग विहिरीवर लाईन. या लाईनीचे कायदे लिहिलेले नाहीत, पण तहसीलदाराच्या हुकमापेक्षा पक्के आहेत. माणूस उभं असायची गरज नाही, हंडा असला की पुरे. हंड्याऐवजी कळशी चालते, कळशीऐवजी तुटकी बादलीही चालते. दगड ठेवून नंबर धरायचा की नाही यावर मात्र गावोगाव मतभेद आहेत. बाळंतिणीच्या घरचा हंडा न विचारता पुढे सरकवतात. लग्नघराला दोन जादा. 'लाईन मोडली' हा आरोप चोरीच्या आरोपाइतका गंभीर, आणि तो ज्या बाईवर आला तिच्याशी पहिला पाऊस पडेपर्यंत कोणी धड बोलत नाही. बाबूसारखा पुरुष हंडे मांडायला आला की बायका जरा हसतात, कारण हंडे मांडणं त्याचं आणि वाहणं तिचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शहापूरला इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून, डोंगरावरून आपल्या उताराने येणारं पाणी द्यायची योजना आहे. लोक तिलाही 'भावलीची लाईन' म्हणतात. पहिल्यांदाच अशी एक लाईन, जी वरून जाणार नाही, 'ला' येणार आहे.

मुरबाडची कथा फार वेगळी नाही. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधलं, 1972 सालचं. पाणी अंबरनाथ-बदलापूरपासून ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंतच्या कारखान्यांना आणि शहरांना. धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या काही गावा-पाड्यांवर पाणी चढलं. काळू नदीवरच्या धरणाचं काम सुरू झालं आणि 2012 साली उच्च न्यायालयाने ते थांबवलं. तिथे लाईनीचा प्रश्न यायच्या आधी जमिनीचा आणि जंगलाचा आला.

विजेच्या लाईनीत शब्दांचा बारकावा शिकण्यासारखा आहे. शहरात 'लाईट गेली' म्हटलं की झालं. खेड्यात लाईट आणि लाईन या दोन गोष्टी आहेत. लाईट घरातली, लाईन खांबावरची. "लाईन हाये, पन लाईट नाय," म्हणजे बिघाड तुमच्या घरात आहे, फ्यूज बघा. "लाईनच नाय," म्हणजे गाव अंधारात आहे, स्वस्थ बसा. "लाईन हाये, पन दम नाय," म्हणजे दाब कमी, पंखा फिरतो तो दयेवर. पुढे डीपीवर फेज उडाला, डीओ पडला, फिडर ट्रिप झाला, ही सगळी परिभाषा चौथी नापास माणूस बिनचूक वापरतो. जूनच्या पहिल्या वादळात झाड पडलं की या ज्ञानाची परीक्षा असते. ते झाड तोडून तार जोडणाऱ्याला महावितरणने 'जनमित्र' असं सुंदर नाव दिलं आहे. नाव सरकारी फलकावर आहे. रात्री अकरा वाजता मोबाईलवर जे नाव पुकारलं जातं ते अजून वायरमन, फार तर लाईनमन. भाषेत जाहिरात चालत नाही, लोकांना हाक मारायला सोपं पडेल तेच टिकतं. वर्तमानपत्रांनी 'वीजवाहिनी' आणि 'जलवाहिनी' हे शब्द मात्र चांगले रुजवले. छापील मराठीत ते शोभतात. पण "वीजवाहिनी आली का रे?" असं कोणी विचारलं तर लोक त्याच्याकडे पाहुणा म्हणून बघतील.

या लाईनीलाही जुना इतिहास आहे, आणि तो मुरबाडच्या अभिमानाचा. 1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, 1922 साली भिवपुरीचं. डोंगरातल्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. 1942 च्या लढ्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत राहून या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ज्यांच्या घरात रॉकेलची चिमणी होती त्यांनी मुंबईची लाईन तोडली. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात. त्या परिसरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'लाईन पाडली' हे शब्द येतात तेव्हा त्यात बिघाडाची तक्रार नसते.

आज सह्याद्री उतरून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याच्या मोठ्या केंद्राकडे जाणाऱ्या लाईनी आहेत. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर येणारी पाच लाख व्होल्टची एकदिश प्रवाहाची लाईन तिथेच संपते. शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला तर पाणी आणि वीज एकमेकांचा पाठशिवणीचा खेळ खेळतात. दिवसा वरच्या घाटघरचं पाणी खाली सोडून 250 मेगावॉट वीज करायची, रात्री स्वस्त विजेने तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. विहिरीवर हंडे मांडणाऱ्याला हे समजावून सांगताना मला तरी धीर होत नाही.

जमिनीच्या व्यवहारात 'लाईनीत येणं' हा आणखी एक प्रकार. रस्त्याच्या, रेल्वेच्या किंवा मनोऱ्यांच्या आखणीत शेत सापडलं की ते 'लाईनीत आलं'. मनोऱ्यांच्या तारांखाली आलं तर पंचाईत, कारण जमीन आपलीच राहते पण घर बांधता येत नाही, झाड वाढवता येत नाही. समृद्धी महामार्गाच्या लाईनीत आलं तर गोष्ट वेगळी झाली. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला, कसारा घाटात सुमारे 8 किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह. थेट खरेदीने जमिनी गेल्या, पैसा आला, काहींच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. एका भावाचं शेत लाईनीत आणि दुसऱ्याचं लाईनीबाहेर, अशा घरांतून पूर्वी बांधावरून भांडणं व्हायची, ती आता 'अलायमेंट'वरून होतात. तोही शब्द याच घराण्यातला, फक्त सुटाबुटातला.

बाकी अर्थ भराभर सांगतो. काळी-पिवळीवाल्याची लाईन म्हणजे फेरी: "सध्या टोकावडे लाईनला हाये." घाऊक मालाच्या सेल्समनची लाईन म्हणजे वाराप्रमाणे नेमलेली गावं. एसटीतली 'लाईन चेकिंग' कंडक्टरला घाम फोडते. पोलिसांची चाळ ती पोलीस लाईन. बारावीनंतर "कंच्या लाईनला घातला?" म्हणजे शिक्षण, आणि "पोरगा लाईनीला लागला," म्हणजे नोकरी. मात्र "नको त्या लाईनीला लागला," म्हणजे दारू, नाहीतर मटका. कृषी सहायक भात लाईनीत लावा म्हणून सांगतो, दोरी धरून. आवणातली बाई म्हणते, पाऊस डोक्यावर असताना लाईन बघू का चूड लावू? लाईन मारणं आणि लाईन देणं यांवर न लिहिलेलं बरं. ते सगळ्यांना येतं.

सरकारी मराठीची तऱ्हा मजेदार आहे. तिने दारिद्र्याची रेषा केली, पुराची रेषा केली, सीमेची रेषा केली. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला रेषा, आणि जे रूळ, नळ, तारा म्हणून दिसतं ते लोकांसाठी लाईन. कातकरी वाडीवर 'दारिद्र्यरेषा' कोणी म्हणत नाही. तिथे 'बीपीएल' म्हणतात, नाहीतर रंग सांगतात: पिवळं कार्ड, केशरी कार्ड.

आणि आता सगळ्या लाईनींवर ताण करणारी ऑनलाईन. रेशन दुकानावरची रांग जुनीच, पण त्या रांगेच्या टोकाला ई-पॉस यंत्र आलं. वीटभट्टीवर सहा महिने राबून आलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेघा मातीने झिजलेल्या असतात. यंत्र त्या रेघा शोधतं. एकदा, दोनदा, ओल्या फडक्याने पुसून तिसऱ्यांदा. मग दुकानदार म्हणतो, "तुझं ऑनलाईन होत नाय." हे वाक्य मला मराठीतलं एक अस्सल नवं वाक्य वाटतं. यात 'ऑनलाईन' ना विशेषण आहे, ना ठिकाण. ते एक होणारं किंवा न होणारं काहीतरी आहे, पाऊस किंवा लग्न होतं तसं. सातबारा ऑनलाईन होतो, दाखला ऑनलाईन होतो, पैसे ऑनलाईन मारतात. आणि हे काहीच झालं नाही तर कारण तयार असतं: सर्व्हर डाऊन. डाऊन म्हणजे मुंबईपासून दूर जाणारी, हे कसाऱ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मुरबाडच्या माणसाला मात्र अप-डाऊन फक्त ऐकून माहीत. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून मुरबाडला, पुढे माळशेज घाटाने नगरला रेल्वे न्यावी ही मागणी कित्येक दशकांची. सर्वेक्षणं झाली, सभा झाल्या, फलक लागले. मुरबाडमध्ये 'लाईन येणार' म्हटलं की ती हीच लाईन.

परवा मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो होतो. शेजारी म्हशाचा एक म्हातारा बसला होता, कल्याणच्या गाडीची वाट बघत. मी विषय काढला. "बाबा, आता म्हणतात लाईन येणार."

"कंची?"

"रेल्वेची."

"व्हय," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या टायमालाबी येतच व्हती."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. चहावाला स्टोव्हपासून न हलता ओरडला, "लाईन गेली!"

म्हाताऱ्याने बशीतला चहा फुंकला. "बघा," तो म्हणाला, "आली बी नाय, आन् गेली."